पहाटे उठवणारी माणसे

मागच्या ईदला माझी थोरली बहीण, आमची आपा, आपल्या मुलीला घेऊन माहेरी चकलांब्याला आली होती. भाची एम.एड. करते. शिरखुर्मा पिऊन होतो न होतो तोच तिने पिशवीतून छापील कागद काढले आणि म्हणाली, "मामू, एवढी प्रश्नावली भरून द्या. तुमच्या कॉलेजच्या दिवसांची." पहिलेच विधान असे होते: 'माझ्या अभ्यासाचे वेळापत्रक मी स्वतः ठरवत असे.' त्यापुढे तीन चौकोन होते. नेहमी, कधी कधी, कधीच नाही. मी मोठ्या रुबाबात 'नेहमी'वर खूण करायला सांगितले. तेवढ्यात वाट्या विसळत बसलेली आपा आतून ओरडली, "झूट मत लिखो! फजर में इसकू मैच उठाती थी."

श्रोतेहो, आमच्या घरात आपाच्या शब्दावर अपील नाही. मी खूण पुसायला लावली. पण चौकोन कोणता भरायचा, हे मात्र मला त्या दिवशी ठरवता आले नाही, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. भाचीच्या पुस्तकी भाषेत त्याला 'स्वयंनियमित अध्ययन' म्हणतात. म्हणजे विद्यार्थ्याने आपले ध्येय आपण ठरवायचे, वेळ आपण वाटून घ्यायची, आपण कुठे कमी पडतो ते आपणच तपासायचे. मराठीत आपण यालाच जिद्द म्हणतो आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी तिचे फोटो छापतो. मी स्वतः कवी माणूस, शिक्षणाने बी.ए., पोटापाण्यासाठी गेवराईत झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान चालवतो. शिक्षणशास्त्रात माझी गती नाही. पण मराठवाड्यात कॉलेजात शिकलेल्या पिढ्यांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्याला आपण एकट्याची जिद्द म्हणतो, तिच्या मागे बहुतेक वेळा कुणीतरी उठवणारे उभे असते.

सगळ्यांत ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांच्याइतका स्वतःच्या बळावर शिकलेला दुसरा विद्यार्थी आपल्याकडे सांगता येणार नाही. पण परळच्या डबक चाळीतली ती एक खोली आठवा. स्वयंपाक, झोपणे, पाहुणे, सगळे तिथेच. मुलाने लवकर झोपायचे आणि रात्री दोनच्या सुमारास उठून अभ्यासाला बसायचे, असा रिवाज होता. त्याला उठवण्यासाठी सुभेदार रामजी स्वतः दोनपर्यंत जागत. त्यांना उठवायला कुणी नव्हते, म्हणून ते झोपतच नसत. चरित्रकार धनंजय कीर यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. भीमरावांना पुस्तक हवे असले आणि हातात पैसा नसला, की रामजी लेकीच्या सासरी जात. तिच्याकडे रोख पैसे नसले तर ती अंगावरचा दागिना काढून देई. तो गहाण टाकून पुस्तक येई आणि पेन्शन झाली की दागिना सोडवून परत दिला जाई.

पुढे चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींना दिसला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, आणि पुढच्या शिक्षणासाठी त्यांच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कोलंबियापर्यंतची पुढची वाट आपल्याला पाठ आहे. वडिलांचे जागरण, बहिणीचा दागिना आणि बागेतला एक अनोळखी मास्तर, हा त्या वाटेचा अगोदरचा तुकडा मात्र आपण घाईने ओलांडतो.

आता आपल्या मुलखाकडे येतो. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. इंग्रजी हाच उच्च शिक्षणाचा मार्ग असलेल्या त्या काळात उस्मानियाने उर्दूतून विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवण्याचे ठरवले. त्यासाठी खास भाषांतराचे खाते उघडले, हजारो पारिभाषिक शब्द घडवले. हे काम मोठेच होते, आणि ते मोठे होते हे मी उर्दूच्या अभिमानाने नव्हे, मराठीच्या अभिमानाने म्हणतो. देशी भाषेत शरीरशास्त्र शिकवता येते, हे त्यांनी करून दाखवले. फक्त ती देशी भाषा त्या संस्थानातल्या बहुसंख्य मुलांच्या घरातली नव्हती. घरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलणारा मुलगा वर्गात उर्दूशी झुंजत होता.

माझे याच्या बरोबर उलटे झाले. घरात आम्ही दखनी बोलायचो आणि चकलांब्याच्या जिल्हा परिषद शाळेत मराठी होती. पहिलीत गुरुजींनी विचारले, "काल का आला नाहीस?" मी म्हणालो, "अम्मी की तबियत खराब होता." तिन्ही भाषांचे व्याकरण एका वाक्यात मोडले होते. वर्ग हसला. संध्याकाळी आपाने मला ओट्यावर बसवून ते वाक्य मराठीत दहा वेळा म्हणून घेतले. ती तेव्हा पाचवीत होती. आज माझ्या मराठी कवितेचे कुणी कौतुक केले की मला तो ओटा आठवतो. म्हणून उस्मानियात उर्दूशी झुंजणाऱ्या मराठी पोराची मला अगदी जवळून ओळख आहे, जरी तो माझ्या जन्माआधी चाळीस-पन्नास वर्षांचा असला तरी.

त्या काळी मराठवाड्यात कॉलेज म्हणावे असे औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. या मुलांचे जग म्हणजे वसतिगृह. कोण काय वाचतो, कुणाकडे कोणते वर्तमानपत्र चोरून येते, कोण रात्री जागतो, हे सगळे तिथे ठरे. याच वसतिगृहांतून १९३८ च्या नोव्हेंबरात वंदे मातरम् सत्याग्रह उभा राहिला. प्रार्थनेत हे गीत म्हणण्याचा हट्ट मुलांनी धरला, विद्यापीठाने मनाई केली, मुले मागे हटली नाहीत. औरंगाबाद आणि हैदराबादच्या शेकडो विद्यार्थ्यांची नावे कमी झाली. तेव्हा नागपूर विद्यापीठाच्या कुलगुरूंनी, केदारांनी, या मुलांना दार उघडले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या मुलांत होते.

या आंदोलनाचे राजकारण पुष्कळांनी लिहिले आहे. मला त्यातला अभ्यासाचा भाग विचार करायला लावतो. उर्दू माध्यमातून शिकलेली ही मुले एकाएकी परक्या प्रांतात, इंग्रजीतून शिकवणाऱ्या विद्यापीठात जाऊन पडली. घरचे नाराज होते, पैशाची ओढाताण होती. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांचे करिअर बुडाले होते. तरीही त्यांतली बरीच मुले पदवीधर झाली. माझा तर्क असा की ती एकेकटी गेली असती तर बहुतेक परतली असती. ती जथ्याने गेली. ज्यांच्यासोबत गीत म्हटले त्यांच्यासमोर नापास होणे अवघड असते. अर्थात ही एका कवीची समजूत आहे, पुरावा म्हणून कुणी ती धरू नये.

पोलीस अॅक्शननंतर चित्र पालटले. १९५० साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले आणि त्याच वर्षी औरंगाबादला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू झाले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. १९५६ मध्ये अंबाजोगाईला योगेश्वरी, १९६० मध्ये बीडला बलभीम, १९६३ मध्ये डॉ. रफीक झकेरियांचे औरंगाबादचे मौलाना आझाद कॉलेज. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. दहा-पंधरा वर्षांत, जिथे मॅट्रिक झालेला माणूस बघायला गाव जमायचे, तिथे पदवी हाताच्या अंतरावर आली.

त्याच पालटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्यासारख्या मुसलमान घरांत १९४८ नंतर शिक्षणाचा धागा तुटला. माझे आजोबा उर्दू सफाईने लिहायचे. दप्तरात उर्दू राहिली नाही तेव्हा त्यांची अक्षरओळख एका रात्रीत बिनकामाची झाली. 'शिकून काय मिळाले?' हा प्रश्न घरात ठाण मांडून बसला, आणि अब्बांच्या हाती पाटीऐवजी पिंजण आले. मी लहान असताना अब्बा गावोगाव फिरून कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले, की देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान आहे आणि पदव्युत्तरला पन्नासात एक. हे आकडे वाचून अनेकांना धक्का बसला. मला आजोबांचा तो प्रश्न आठवला. मुलाने अभ्यासाला बसावे असे वाटायला आधी कुणीतरी शिकून बरे झालेले त्याला दिसावे लागते.

मिलिंदची गोष्ट मला म्हणूनच फार मोलाची वाटते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांनी तिथे कोनशिला बसवली. नाव दिले गेले मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याने नागसेन या भिक्षूला प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि वादात हरल्यावर हार मोकळेपणाने मान्य केली. परिसराचे नाव पुढे नागसेनवन झाले. आपल्याकडे कॉलेजांना देणगीदारांची, पुढाऱ्यांची, देवांची नावे असतात. हे कॉलेज मात्र एका प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाचे आहे. आणि तिथे आलेली मुले अशी होती की ज्यांच्या बापजाद्यांना प्रश्न विचारायची मुभाच नव्हती.

या मुलांच्या घरात रात्री दोनला उठवणारा सुभेदार नव्हता. वडिलांना पेन्शन नव्हती. ते काम कॉलेजने आणि वसतिगृहाने केले. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी मुलांना लिहिते केले, त्यांच्यासाठी 'युगयात्रा' नाटक लिहिले, मुलांकडून ते करवून घेतले. पुढे म. ना. वानखडे प्राचार्य झाले, गंगाधर पानतावणे शिकवायला आले, आणि १९६७-६८ च्या सुमारास 'अस्मितादर्श' निघाले. दलित साहित्य म्हणून आज जगभर ज्याचा अभ्यास होतो, त्याचा एक मोठा झरा या परिसरातून निघाला. 'आठवणींचे पक्षी' लिहिणारे प्र. ई. सोनकांबळे याच मिलिंदचे. आईवडील लहानपणीच गेले, बहिणीच्या आसऱ्याने हाल काढत वाढले, नागसेनवनात पोचले, शिकले आणि प्राध्यापक झाले. पुन्हा एक बहीण. माझ्या वाचनात ती सारखी येते, की मीच तिला शोधत असतो, कोण जाणे.

वसतिगृहाने काम केले म्हणजे नेमके काय केले? जेवणाची चिंता मिटवली, हे पहिले. दिवा दिला, हे दुसरे. पण तेवढे सरकारी खातेही करू शकते. तिथे शेजारच्या खाटेवरचा मुलगा वाचत होता, हे खरे. तो आपल्याच जातीचा, आपल्याच सारखा उपाशी आलेला, आणि तरी इंग्रजी कादंबरी वाचणारा. त्याला पाहून 'आपल्याला हे जमणार नाही' हे वाक्य घशातच अडकते. सातारकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी हेच दुसऱ्या वाटेने साधले. १९४७ साली त्यांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तिथे मुले श्रम करून शिकत. सोबत खडी फोडणारा मित्र पहाटे वाचायला बसला की आपण लोळत पडणे कठीण होते.

याच्या उलट टोकाला मला नरहर कुरुंदकर दिसतात. मराठवाड्यातला एवढा मोठा वाचक, विचारवंत, वक्ता. पण विद्यार्थी म्हणून इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास. हैदराबादला मामा प्राध्यापक नांदापूरकरांच्या सहवासात त्यांना वाचनाचे वेड लागले, आणि ते वेड अभ्यासक्रमाच्या चौकटीत मावेना. नाट्यशास्त्र, मनुस्मृती, राजकारण, काय वाटेल ते त्यांनी पचवले; नेमलेले पुस्तक तेवढे राहून गेले. ते शाळेत शिक्षक झाले, सावकाश पदव्या मिळवल्या, ज्या पीपल्स कॉलेजचे नाव मी मघाशी घेतले त्याचे प्राचार्य झाले आणि १९८२ साली, पन्नाशी गाठण्याआधीच गेले. भाचीच्या प्रश्नावलीने त्यांना किती गुण दिले असते? वेळापत्रक नाही, परीक्षेची तयारी नाही, ध्येयनिश्चिती नाही. बहुधा 'अत्यल्प' या गटात टाकले असते. त्यांच्याभोवतीच्या माणसांनी मात्र परीक्षेच्या निकालावर त्यांची किंमत केली नाही. नापास तरुणाशी वाद घालायला, त्याचे ऐकायला माणसे येत राहिली. हे भाग्य फार थोड्या नापासांना मिळते.

आता थोडे माझ्याविषयी. १९८७ साली मी बारावी पास झालो आणि बीडला बी.ए.ला नाव घातले. फी आणि खोलीची अनामत भरायला आपाचे चांदीचे पैंजण गेवराईच्या एका सावकाराकडे गेले. तिने सातवीनंतर शाळा सोडली होती, म्हणजे सोडवली होती. अब्बा तिला म्हणाले, "दिवाळीत गाद्यांचे पैसे आले की सोडवून आणू." रामजी सुभेदारांना पेन्शन होती. आमच्याकडे पेन्शन नव्हती, त्यामुळे पैंजण सुटले नाहीत. आपाचे लग्न त्यांच्याशिवाय झाले.

बीडला खोली मिळणे हाही एक धडा होता. नाव विचारल्यावर तीन घरमालकांना अचानक आठवले की खोली पाहुण्यांसाठी ठेवली आहे. चौथ्याने विचारलेच नाही, कारण ते भाड्यापुरतेच बघायचे. पत्र्याची खोली, आणि आम्ही चौघे. मी, एक ऊसतोड कामगाराचा मुलगा, एक बौद्ध मुलगा आणि एक मराठा शेतकऱ्याचा. बौद्ध मुलाच्या गावात १९७८ साली, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर उसळलेल्या दंगलीत, त्यांच्या वस्तीची राखरांगोळी झाली होती. त्याची दुसरी-तिसरीची पुस्तके त्यात जळाली. हे त्याने आम्हाला एकदाच सांगितले, तेही मराठा मित्र खोलीत असताना आणि त्याच्याकडे न बघता. मराठा मित्र काही बोलला नाही. त्या रात्री त्याने आपली गाईडे उशाची काढून मधल्या फळीवर ठेवली. पुढे तीन वर्षे ती चौघांची होती.

खोलीचा नियम एकच होता. चारच्या सुमाराला स्टँडवरून पहिली एसटी सुटे, तिचा आवाज आला की ज्याला जाग येईल त्याने बाकीच्यांना उठवायचे. न उठणाऱ्याच्या अंगावर तांब्याभर पाणी. मला तो आवाज क्वचितच ऐकू आला. आपाची सवय लागलेली होती ना! उठल्यावर घासलेटचा कंदील मध्ये ठेवून चौघे भिंतींना टेकून बसायचो. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आले, की पाणी पडायच्या भीतीने नव्हे, बाकीचे तिघे बसलेत म्हणून मी बसतो आहे. मग सहा महिन्यांनी असेही झाले की मी कधी एकटाच आधी उठलो. म्हणजे नियमन आधी बाहेर होते आणि नंतर आत आले. केव्हा आत आले, ते सांगता येत नाही.

दिवाळी झाली की ऊसतोड्याच्या मुलाचे मन खोलीतून उठायचे. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली. आमच्या भागात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि उचल कोयत्याप्रमाणे मिळते. त्या वर्षी आईची कंबर धरली. कोयता अर्धा झाला, पण उचल पुरी फेडायची होती. दुसऱ्या वर्षाला असताना नोव्हेंबरात तो गेला. जाताना त्याने आपल्या वाटणीचे भाडे पुढच्या दोन महिन्यांचे ठेवले. आम्ही ते परत दिले, त्याने घेतले नाही. त्याचा कोपरा आम्ही मोकळा ठेवला. तासाला बसून मी नोट्स काढायचो तेव्हा खाली कार्बन घालायचो. निळ्या अक्षरांची ती प्रत टोळीचा ट्रक जाईल त्याच्याबरोबर पाठवायची. त्यातल्या किती पोचल्या, देव जाणे.

मार्चच्या शेवटी, परीक्षेच्या दोन दिवस आधी, तो आला. हाताला पाचटाने कापल्याच्या रेघा. कार्बनचे कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणले होते. म्हणाला, "वाचायला जमलं नाही रे. पहाटे तीनला फडात जायचं आणि रात्री गाडी भरून झाली की आडवं व्हायचं. पण रोज पिशवी उघडून बघायचो." तीन विषय निघाले, दोन राहिले. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. त्या मुलाइतकी शिस्त आमच्या चौघांत कुणाला नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. तो पहाटे तीनला उठत होता. फक्त उठून जायचे ठिकाण दुसऱ्याने ठरवलेले होते.

मी १९९० साली बी.ए. झालो. माझ्या प्रमाणपत्रावर 'मराठवाडा विद्यापीठ' आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. बौद्ध मित्राने एम.ए.चे प्रमाणपत्र मुद्दाम त्यानंतर घेतले.

भाचीने मला सांगितले, की तिच्या विषयात बॅरी झिमरमन या अमेरिकन संशोधकाचे नाव मोठे आहे. १९८६ साली त्यांनी आणि मार्टिनेझ-पॉन्स यांनी दहावीच्या ऐंशी मुलांच्या मुलाखती घेतल्या, निम्मी हुशार गणलेली आणि निम्मी मागे पडलेली. मुले स्वतःहून अभ्यास कसा करतात याच्या चौदा रीती त्यांनी वेगळ्या काढल्या. त्यांत वेळापत्रक, उजळणी, टिपणे हे आलेच. पण मित्राला विचारणे, शिक्षकाला विचारणे, मोठ्या माणसाला विचारणे, हेही त्यांनी 'स्वतःहून' करण्यातच धरले होते. हे ऐकून मला बरे वाटले. मदत मागणे म्हणजे परावलंबन असे मी समजत होतो. पण यात एक मेख आहे. विचारायला माणूस तर हवा. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्याने कोणत्या मोठ्या माणसाला विचारायचे?

आज माझ्या दुकानासमोरच एक अभ्यासिका आहे. प्लायवूडचे छोटे छोटे कप्पे, प्रत्येकात एक दिवा, एक मोबाईलचे प्लग. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा. महिन्याचे पैसे भरायचे आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत बसायचे. मी आधी या कप्प्यांना नावे ठेवायचो. चार भिंतींना चार पाठी टेकलेल्या आमच्या खोलीपुढे हे मला कोंबड्यांच्या खुराड्यासारखे वाटे. पण एकदा तिथल्या एका मुलीने मला सांगितले, "काका, घरी बसलं की कुणीतरी भाकरी टाकायला उठवतं. इथं सगळे वाचत असतात, म्हणून वाचता येतं." म्हणजे कप्पा केला तरी ती शेजारच्याच्या पानाच्या आवाजासाठीच पैसे भरते. ही मुलगी आमच्या त्या ऊसतोड मित्राची. तो आता गावी असतो, पाठ गेली आहे. तिच्या झेरॉक्सचे पैसे मी घेतो, कारण तो घ्यायला लावतो.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहे काढायचे ठरवले. निर्णय चांगला आहे, उशिराचा आहे. आमच्या मित्राला १९८८ साली अशी एक खाट मिळाली असती तर काय झाले असते, याचा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला. वसतिगृहाने त्याची भाकरी दिली असती. आईच्या कंबरेचे आणि उचलीचे काय, तिथे हिशेब अडतो.

भाचीची प्रश्नावली त्या दिवशी दुपारपर्यंत चालली. शेवटच्या पानावर कौटुंबिक माहिती होती. वडिलांचे शिक्षण, आईचे शिक्षण, वार्षिक उत्पन्न. भावंडांसाठी रकाना नव्हता. मी तसे म्हणालो तर ती म्हणाली, "मामू, नमुना ठरलेला आहे, मॅडमनी मंजूर केलेला." तरीही तिने समासात पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली, 'बहीण' लिहिले आणि आईकडे वळून विचारले, "अम्मी, तुझं शिक्षण किती लिहू?"

आपा म्हणाली, "सातवी पास लिख. पास लिख, हां. फर्स्ट आई थी मैं."

हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.